व्हिएन्नाचा शोनब्रुन राजवाडा आणि त्याची बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएन्नाला निघालेली मंडळी आणि तिथून परतलेली मंडळी, दोघांकडूनही शोनब्रुनबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी, अडनिडे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागेल तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'शोनब्रुन' म्हणजे काय? आणि उच्चार नेमका कसा करायचा?

'सुंदर झरा'. 'शोन' म्हणजे सुंदर आणि 'ब्रुन' म्हणजे झरा किंवा विहीर. त्यातला पहिला स्वर मराठीत नाही. ओठ 'ओ'साठी करतो तसे गोल करायचे आणि आतून 'ए' म्हणायचं, की जवळपास जमतं. नुसतं शोनब्रुन म्हटलंत तरी तिथे कुणाचं काही अडत नाही.

असं सांगतात, की १६१२ साली सम्राट माथियास शिकारीला आला असताना त्याला इथे हा झरा सापडला. ही झाली आख्यायिका. कागदोपत्री हे नाव १६४२मध्ये येतं. झऱ्यावर पुढे एक छोटं घर बांधलं. आत एगेरिया या जलदेवतेची मूर्ती आहे आणि तिच्याजवळच्या घड्यातून पाणी पडतं. बागेच्या पूर्व भागात झाडांच्या आड असल्यामुळे बहुतेक लोक ते न पाहताच परततात. ज्या झऱ्यावरून सगळ्या जागेला नाव पडलं, तो पाहायला दहा मिनिटं काढाच.

२. राजवाडा नक्की बांधला कोणी? प्रत्येक ठिकाणी वेगळंच नाव वाचायला मिळतं.

कारण तो एकाने बांधलेलाच नाही.

१५६९मध्ये सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याने ही जागा घेतली तेव्हा इथे काटरबुर्ग नावाची वाडीवजा मालमत्ता होती. पुढे दुसऱ्या फर्डिनांडची विधवा एलिओनोरा गोंझागा हिने १६४०च्या सुमारास इथे एक विलासगृह उभारलं. १६८३मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, त्यात ते उद्ध्वस्त झालं.

वेढा उठल्यावर सम्राट लिओपोल्ड याने आपला मुलगा योझेफ याच्यासाठी नवा वाडा बांधायचं काम योहान बेर्नहार्ड फिशर फॉन एर्लाख या वास्तुकाराला दिलं. बांधकाम १६९६ला सुरू झालं. मधला भाग लवकर राहण्याजोगा झाला, पण १७११मध्ये योझेफ देवीच्या साथीत ऐन बत्तिशीत गेला आणि बाजूच्या पाख्यांचं काम रखडलं. त्याचा भाऊ सहावा चार्ल्स इथे फक्त शिकारीपुरता येई. त्याने ही जागा मुलीला, मारिया थेरेसाला दिली. १७४३पासून तिच्या निकोलाउस पकासी या वास्तुकाराने अर्धवट वाड्याचं नांदतं घर केलं. शेवटी १८१७ ते १८१९ या काळात योहान आमान याने दर्शनी भागावरची पकासीच्या वेळची नक्षी काढून भिंती साध्या केल्या.

म्हणून विचारणाऱ्याला मी सांगतो: हाडं फिशरची, संसार पकासीचा, चेहरा आमानचा.

याचा पुरावा आत गेल्यागेल्या पायाखाली येतो. ज्या निळ्या जिन्याने आपण वर चढतो तिथे पूर्वी योझेफच्या वाड्यातलं जेवणघर होतं. पकासीने ते फोडून जिना केला. पण छत तसंच ठेवलं. सेबास्तिआनो रिची याने १७०१-०२च्या सुमारास रंगवलेलं, योझेफचा पराक्रम गाणारं चित्र आजही डोक्यावर आहे. चढताना लोक पायऱ्यांकडे बघतात. तुम्ही मान वर करा. फिशरचा मूळ वाडा सगळ्यांत जवळून भेटतो तो तिथेच.

३. मूळ योजना राजवाडा टेकडीवर बांधायची होती, हे खरं का?

हो. फिशरचा पहिला आराखडा १६८८च्या सुमाराचा. त्यात राजवाडा आज जिथे ग्लोरिएट ही कमानींची इमारत आहे त्या टेकडीच्या माथ्यावर होता आणि खाली उतरत येणारे प्रचंड सज्जे, कारंजी, रथांच्या वाटा. फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्याच्या तोंडात मारेल असा तो घाट होता. खजिन्याला ते झेपणारं नव्हतं. आराखडा बासनात गेला आणि बराच आटोपशीर वाडा पायथ्याशी, सपाटीवर उभा राहिला.

माझ्या मते शोनब्रुन समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. खाली उतरल्यामुळे राजवाड्याला समोर एक रिकामी टेकडी मिळाली आणि तो माथा ऐंशीहून जास्त वर्षं कशाची तरी वाट बघत राहिला. त्याचं काय झालं ते प्रश्न ११मध्ये आहे.

४. मारिया थेरेसा 'सम्राज्ञी' होती का? आणि तिचा भारताशी काही संबंध?

काटेकोरपणे बघितलं तर ती ऑस्ट्रियाची आर्चडचेस (म्हणजे तिथली राज्यकर्ती) आणि हंगेरी-बोहेमियाची राणी, स्वतःच्या हक्काने. पवित्र रोमन साम्राज्याचं, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांच्या समूहाचं, सम्राटपद निवडणुकीने मिळे आणि ते स्त्रीला मिळत नसे. १७४५मध्ये तिचा नवरा फ्रान्स श्टेफान सम्राट निवडला गेला, म्हणून ती सम्राज्ञी. कारभार मात्र तिचाच होता. सोळा बाळंतपणं झाली, लढायाही तिने लढवल्या. शोनब्रुनचं मोठं काम तिने काढलं तेव्हा तिच्या वारसाहक्कावरून पेटलेलं युद्ध चालूच होतं. ते १७४८ला थांबलं.

भारताचा संबंध थेट आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. तिच्या वडिलांनी १७२२मध्ये पूर्वेशी व्यापार करणाऱ्या ओस्टेंड कंपनीला सनद दिली होती. या कंपनीच्या वखारी मद्रासजवळ कोवेलाँगला आणि बंगालात बांकीबाजारला होत्या, आणि इंग्रज-डच कंपन्यांना त्या डोळ्यांत खुपत होत्या. चार्ल्सला मुलगा नव्हता. मुलीला गादी मिळावी यासाठी त्याला युरोपभरच्या दरबारांची मान्यता हवी होती. इंग्लंडने ती १७३१च्या व्हिएन्ना तहात दिली, पण कंपनी बंद करण्याच्या अटीवर. मारिया थेरेसाच्या गादीची एक किंमत भारताच्या व्यापारात मोजली गेली, ती अशी.

दुसरा धागा मुंबईचा. तिच्या छापाचा चांदीचा थालर तिच्या मृत्यूनंतरही १७८० हेच साल टाकून पाडत राहिले, कारण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवरचे व्यापारी दुसरं नाणं घ्यायला तयार नसत. १९४०-४१मध्ये हे थालर मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले.

५. हा राजवाडा बरोक आहे की रोकोको?

बाहेरून आणि आखणीने बरोक, आतून बराचसा रोकोको. बरोक म्हणजे सगळ्या जागेला एका मध्यरेषेत ओवणं. फाटक, चौक, राजवाड्याचा मध्य, फुलांचे वाफे, कारंजं, टेकडी, सगळं एका सुतात. पाहणाऱ्याने कुठे उभं राहावं हेसुद्धा राजाने ठरवलेलं असतं. रोकोको ही खोलीतली शैली. पांढऱ्या भिंतीवर सोनेरी वेलबुट्टी, शिंपल्यासारख्या वळणांच्या चौकटी, आरसे.

दोन्ही एकत्र बघायचं तर मोठी गॅलरी. लांबी चाळीस मीटरच्या वर, रुंदी जेमतेम दहा. एका बाजूच्या उंच खिडक्यांचा उजेड समोरच्या आरशांत पडतो. छतावर ग्रेगोरिओ गुल्येल्मीची चित्रं आहेत आणि त्यांतल्या मधल्या चित्रात मारिया थेरेसाच्या राज्याची भरभराट रंगवली आहे. पूर्वेकडच्या चित्राबद्दल प्रश्न १३ पाहा.

६. तो प्रसिद्ध पिवळा रंग मूळचाच आहे ना?

नाही. 'शोनब्रुन पिवळा' म्हणून आपण ओळखतो तो रंग एकोणिसाव्या शतकात रुळला. त्या आधी भिंतींनी वेगवेगळे रंग पाहिले. पुढे हाच पिवळा साम्राज्यभरच्या सरकारी इमारतींवर, रेल्वे स्टेशनांवर चढला, त्यामुळे तो फार जुना वाटतो.

७. १४४१ खोल्या आहेत म्हणतात. मग आपल्याला चाळीसच का दाखवतात?

१४४१ या आकड्यात नोकरांच्या खोल्या, कोठारं, बोळातल्या कोठड्या सगळं धरलं आहे. सजवलेली दालनं त्यातली थोडीच. बाकीच्यांत कचेऱ्या आहेत, आणि वरच्या मजल्यांवर चक्क भाडेकरू राहतात. राजवाडा ऑस्ट्रियन प्रजासत्ताकाच्या मालकीचा आहे.

तिकीट काढताना एकच लक्षात ठेवा. छोट्या फेरीत सगळ्या खोल्या येत नाहीत, म्हणून प्रश्न ८मधली खोली तिकिटात आहे ना, ते आधी बघा.

८. राजवाड्यात मोगल चित्रं आहेत असं ऐकलं. खरंच? ती तिथे काय करतात?

खरंच आहेत, आणि आपल्याकडून गेलेल्या माणसाने शोनब्रुनमध्ये एकच खोली पाहायची ठरवली तर मी हीच सांगेन.

तिला 'मिलियोनेनत्सिमर' म्हणतात, लाखोंची खोली. सजावटीला दहा लाख गुल्डन (तेव्हाची नाणी) लागले अशी वदंता होती, त्यावरून हे नाव. भिंतींना उष्ण प्रदेशातल्या दुर्मीळ लाकडाचे तक्ते आहेत. त्यांत साठेक सोनेरी, वळणावळणाच्या चौकटी बसवल्या आहेत. लांबून वाटतं, आत युरोपातली फुलंपानं असतील. जवळ गेलं की दिसतात पगड्या, जामे, कमरेचे पटके, बागा, गच्चीवर बसलेल्या स्त्रिया. मोगल दरबाराचं आणि जनान्याचं जीवन दाखवणारी ही सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या वातावरणाची लघुचित्रं आहेत.

आता एखाद्या चौकटीपाशी थांबून नीट बघा. चौकट वाकडीतिकडी आहे, शिंपल्यासारखी. मोगल चित्र मात्र नेहमी चौकोनी, चारी बाजूंनी हाशिया म्हणजे किनार असलेलं, मुरक्क्यात म्हणजे चित्रांच्या वहीत लावून हातात धरून बघायचं. मग ते या आकारात बसलं कसं? कातरून. राजघराण्यातल्या लोकांनी स्वतः ही चित्रं कापली आणि एकातली माणसं दुसऱ्यातल्या बागेत चिकटवून नवी चित्रं जुळवली. जोड शोधू लागलं की माणसांचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत, जमिनीची रेघ मध्येच तुटते.

माझ्या मावशीला मी तिथे नेलं होतं. ती शाळेत चित्रकला शिकवायची. बराच वेळ ती एका चौकटीसमोर गप्प उभी होती, मग एवढंच म्हणाली, "अरे, हाशिये कुठे गेले यांचे?" त्यानंतर मला ती खोली पूर्वीसारखी दिसलेली नाही.

कापणाऱ्यांचा हेतू अपमानाचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. घरातल्या बायकामुलींनी चित्रं कातरून भिंती सजवणं हा त्या काळचा आवडता उद्योग होता, आणि या चित्रांना त्यांनी घरातल्या सगळ्यांत महागड्या भिंती दिल्या. तरी शंभर वर्षं आधी हॉलंडमध्ये चित्रकार रेम्ब्रांट अशाच मोगल चित्रांसमोर बसून त्यांची रेखाटनं करत होता, एकेक रेघ समजून घेत होता. तसं बघणं आणि असं कातरणं यांतलं अंतर मला राहून राहून टोचतं. गमावलेल्या हाशियांवर कदाचित चित्रकारांची नावं असतील. ती आता कुणाला वाचता येणार नाहीत.

समोरासमोरच्या आरशांमध्ये खोली एकात एक अशी न संपणारी दिसते. त्यात रमण्याआधी एक तरी चौकट सावकाश बघा.

९. चिनी खोल्या आणि 'पोर्सेलीनची खोली' हीसुद्धा खरीखुरी आशियाई का?

काही खरी, काही सोंगं. व्ह्यू-लाक खोलीतले काळे लाखकाम केलेले तक्ते खरोखर पेकिंगहून आलेले आहेत. १७६५मध्ये फ्रान्स श्टेफान गेल्यावर मारिया थेरेसाने ती खोली त्याच्या आठवणीसाठी सजवून घेतली. तिने मरेपर्यंत वैधव्याचा वेश सोडला नाही, हे माहीत असलं की त्या काळ्या भिंतींचा अर्थ कळतो. पोर्सेलीनच्या खोलीत पोर्सेलीन नाही. ते निळं-पांढरं रंगवलेलं कोरीव लाकूड आहे आणि त्यात बसवलेली निळी रेखाटनं सम्राटाने आणि त्याच्या मुलाबाळांनी काढलेली आहेत. त्या काळच्या व्हिएन्नात 'इंडियन' हे विशेषण चीन-जपानच्या वस्तूंनाही सर्रास लावत. त्यामुळे जुन्या वर्णनांत हा शब्द दिसला की लगेच भारत समजू नका.

१०. मोझार्ट आणि नेपोलियन, दोघंही इथे येऊन गेले का?

दोघंही. सहा वर्षांच्या मोझार्टने १७६२च्या ऑक्टोबरमध्ये इथे मारिया थेरेसासमोर वादन केलं आणि मग तो तिच्या मांडीवर चढून बसला. ती जागा आरसेमहालाची असावी असं मानतात. १७८६मध्ये तो पुन्हा इथे होता. बागेच्या ऑरेंजरीत, म्हणजे थंडीत संत्र्या-लिंबाची झाडं आत ठेवायच्या लांबलचक काचघरात, त्याचं आणि संगीतकार सालिएरीचं अशी दोन संगीतनाटकं एकाच संध्याकाळी झाली.

नेपोलियनने १८०५ आणि १८०९मध्ये व्हिएन्ना जिंकल्यावर मुक्काम इथेच केला. १८०९चा तह शोनब्रुनच्याच नावाने ओळखतात. मुख्य फाटकाच्या दोन्ही स्तंभांवरचे गरुड त्याचे आहेत. त्या काळच्या ऑस्ट्रियाच्या गरुडाला दोन डोकी असत, यांना एकच आहे.

त्याचा मुलगा मात्र इथेच वाढला आणि १८३२मध्ये एकविसाव्या वर्षी क्षयाने इथेच गेला. त्याच्या खोलीत त्याचा मृत्यूनंतरचा मुखवटा आहे आणि पेंढा भरलेला एक चंडोल. तो त्याचा पाळीव पक्षी होता. एवढ्या सोन्यामोत्यांत तो मूठभर पक्षी पाहून घशात आवंढा येतो.

११. टेकडीवरची ती कमानींची इमारत कशासाठी? तिथे कोणी राहायचं का?

ती ग्लोरिएट. तिथे कधीच कोणी राहिलं नाही. १७७०च्या दशकात योहान फर्डिनांड हेत्सेनडोर्फ फॉन होहेनबर्ग याने बागेची पुन्हा मांडणी केली आणि १७७५मध्ये ही इमारत माथ्यावर उभी राहिली. न्याय्य युद्धातून शांतता येते, अशा अर्थाचं हे स्मारक. पुढे सम्राट फ्रान्स योझेफ तिथे न्याहारी घेई. आज तिथे कॅफे आहे.

फिशरने राजवाडा जिथे कल्पिला होता तिथे शेवटी आली ती आरपार दिसणारी कमान. मला तो निकाल फार आवडतो. वर राजवाडा असता तर नजर भिंतीला आपटली असती. आता ती कमानीतून आकाशात जाते. संध्याकाळी खालच्या वाफ्यांमधून वर बघा, मधल्या खणात नुसता उजेड उरलेला असतो.

टेकडीच्या पायथ्याला नेपच्यूनचं कारंजं आहे. त्यात समुद्रदेवी थेटिस गुडघे टेकून आपल्या मुलासाठी, अकिलीसच्या सागरप्रवासासाठी, नेपच्यूनकडे पदर पसरते. ते १७८०मध्ये पुरं झालं. मारिया थेरेसा त्याच वर्षी वारली.

१२. 'रोमन अवशेष' खरे रोमन आहेत का?

नाहीत. ते १७७८मध्ये पडके म्हणूनच बांधले. आधी त्यांना कार्थेजचे अवशेष म्हणत. पडकी कमान, अर्धी बुडालेली शिल्पं, समोर तळं, काळ सगळ्यांना गिळतो हे बागेत फिरताना आठवावं म्हणून.

पण दगड जुने आहेत. दुसऱ्या मॅक्सिमिलियनने व्हिएन्नाच्या दुसऱ्या टोकाला नॉयगेबॉयडे नावाचा राजवाडा बांधला होता. त्याचे कोरीव भाग काढून इथे आणि ग्लोरिएटमध्ये वापरले. म्हणजे शोनब्रुनची जमीन ज्याने घेतली त्याचाच आवडता वाडा शोनब्रुनच्या बागेसाठी मोडला गेला.

१३. दुसऱ्या महायुद्धात राजवाडा वाचला का?

मुख्य इमारत वाचली, पण घाव बसले. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात मोठ्या गॅलरीतलं पूर्वेकडचं छतचित्र गेलं. आज दिसते ती नंतर केलेली नक्कल. ग्लोरिएटचंही नुकसान झालं. १८८२च्या पाम हाउसच्या बहुतेक काचा फुटल्या आणि ऐन थंडीत उष्ण प्रदेशातली झाडं उघडी पडली. ते लोखंडी काचघर १९५३ला पुन्हा उघडलं. युद्धानंतर काही वर्षं राजवाड्यात ब्रिटिश सैन्याचं मुख्यालय होतं.

१४. इथलं प्राणिसंग्रहालय जगातलं सर्वांत जुनं कसं? राजे तर त्याआधीही प्राणी पाळत.

पाळतच होते. 'सर्वांत जुनं' याचा अर्थ, तेव्हापासून आजवर चालू असलेलं. फ्रान्स श्टेफानने १७५२मध्ये ते सुरू केलं. मधोमध अष्टकोनी मंडप आणि भोवती चाकाच्या आऱ्यांसारखे तेरा वाडे, म्हणजे मधे बसून न्याहारी करता करता सगळे प्राणी दिसावेत. मंडप अजून आहे आणि त्यात उपाहारगृह आहे. प्रश्न ५मधली बरोकची मध्यबिंदूची हौस इथे जनावरांपर्यंत पोचलेली दिसते.

१५. साम्राज्य इथेच संपलं म्हणतात. शेवटच्या सम्राटाने इथे राजत्याग केला का?

इथेच संपलं, पण राजत्याग हा शब्द बरोबर नाही. ११ नोव्हेंबर १९१८ला निळ्या चिनी दालनात सम्राट कार्लने ज्या कागदावर सही केली त्यात राज्यकारभारातला आपला सहभाग सोडत असल्याचं लिहिलं होतं. गादीवरचा हक्क सोडतो, असं त्यात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी प्रजासत्ताक जाहीर झालं.

त्याच्या आधीचा फ्रान्स योझेफ १८३०मध्ये याच राजवाड्यात जन्मला आणि अडुसष्ट वर्षं राज्य करून २१ नोव्हेंबर १९१६ला इथेच गेला. त्याचा साधा लोखंडी पलंग पाहायला मिळतो.

१६. वेळ थोडा आहे. काय पाहू, काय सोडू? आणि बागेला तिकीट लागतं का?

मोठी बाग फुकट आहे. १७७९च्या सुमारास ती लोकांना खुली झाली, आणि आजही व्हिएन्नाचे लोक सकाळी तिथे पळायला, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात. राजवाडा, प्राणिसंग्रहालय, पाम हाउस, भूलभुलैया आणि ग्लोरिएटची गच्ची यांना तिकीट आहे. राजवाड्याच्या तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते, ती पाळा. बाग पूर्व-पश्चिम सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे, टेकडीचा चढ वेगळा. सोबत गुडघेदुखीवालं कुणी असेल तर आधी आत फिरवा, मग वाफ्यांपर्यंत चालवा.

अर्धाच दिवस असेल तर प्राणिसंग्रहालय सोडा. यू-फोर मेट्रोने शोनब्रुन स्टेशनला उतरा, लांबची फेरी करा, मोगल चित्रांच्या खोलीत थांबा. मग बागेत येऊन झाडांच्या छाटलेल्या उंच भिंतींमधून डावीकडे वळा, रोमन अवशेष बघा आणि तिथून झऱ्याच्या घरापाशी जा. पाणी पडण्याचा आवाज आला की तुम्ही बरोबर वाटेवर आहात.